नस कुठे आहे ते सांगते

भाकरी मोडली की तू पिठाला नावं ठेवतोस. बाळा, आधी पाणी तपास. त्या पाण्यात बोट घालता येत असेल तर ते भाकरीच्या कामाचं नाही. गव्हाच्या कणकेत ताण धरणारा चिकटपणा मुळातच असतो, ज्वारीत तो नसतो. ज्वारीच्या पिठाला एकत्र धरून ठेवायचं काम कढत पाण्यालाच करावं लागतं. परातीत पिठाचं आळं कर, मधोमध आधणाचं पाणी ओत, उलथन्यानं कालव आणि झाकून ठेव. तेवढ्यात कांदा चिरून होतो. मग हाताला सोसेल इतकं निवलं की गार पाण्याचा हात लावत तळहाताच्या मुळानं रगड. कानाच्या पाळीइतका मऊ झाला की गोळा झाला. एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं. सगळं एकदम मळून ठेवलंस तर तिसऱ्या भाकरीपर्यंत कडेला भेगा पडतील आणि तू परत पिठालाच दोष देशील.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुझी पणजी, म्हणायच्या, "हरेक जिनसाची येक नस रायते. ते धरली का बाकीचं मांगंपुढं झालं तरी चालते." मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला सगळा स्वयंपाक शिकवायच्या भानगडीत न पडता एकेका पदार्थाची नस तेवढी दाखवली. कशात घाई चालते, कशात चालत नाही. कुठे हात सैल सोडायचा, कुठे डोळ्यात तेल घालून उभं राहायचं. तिखट-मीठ जेवणाऱ्याच्या आवडीनं बदलतं, नस बदलत नाही. तुमच्या घरी तुझ्या आईचं 'रुचिरा' आहे. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे माहेरापासून लांब गेलेल्या कितीतरी मुलींची सोय झाली. ते जवळ ठेव. माप त्यात मिळेल. नस मी सांगते. पुण्यात तुम्ही दोघं नोकरी करून दोघंही रांधता याचा मला फार आनंद आहे. तुझ्या आजोबांना अजूनही पिण्याचा माठ कुठला आणि वापरायचा कुठला ते विचारावं लागतं, आणि दोन्ही माठ लग्नापासून एकाच जागी आहेत.

भाकरीचं अजून संपलेलं नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग आधणाचं पाणीही हात टेकतं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत संपेल इतकंच दळून आण. गिरणीवाला "एवढंसं?" म्हणाला तर म्हणू दे. तव्यावर टाकलीस की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरव आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलट. सुकल्यावर उलटलीस तर चिरा पडतात आणि चिरा पडलेली भाकरी फुगत नाही, वाफ निसटून जाते. पाण्याचा हात फिरवून झाला की तव्यापाशीच उभं राहायचं. तेवढ्या वेळात फोन वाजला तर वाजू दे. माझा असेल तरी.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची. बाहेरून आलेली ज्वारी ती. भाकरी लालसर व्हायची, थापताना हातातून सुटायची. गावात ज्याच्या त्याच्या घरी त्याच भाकरीचं बोलणं. पणजीनं पीठ तसंच थापणं बंद केलं. पाण्याला उकळी आणून त्यातच पीठ टाकायचं, चांगली उकड काढायची आणि ती मळून भाकरी करायची. भाकरी होऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून दारात परात घेऊन बायका यायला लागल्या, "आत्याबाई, दाखवा बरं कसं केलं ते." त्या प्रत्येकीला चुलीपुढे बसवायच्या आणि तिच्याच परातीत तिच्याकडूनच करून घ्यायच्या. दाखवून येत नाही, करून येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून मीही तुला व्हिडिओ काढून पाठवत नाही. फोन बाजूला ठेव आणि पीठ घे.

कळण्याची भाकरी तुला याहून सोपी जाईल, तिच्यापासून सुरुवात केलीस तरी हरकत नाही. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीसकट उडीद आणि दळतानाच घातलेलं जाडं मीठ, एवढंच. उडदाचा चिकटपणा ज्वारीला सांभाळून घेतो, त्यामुळे नवशिक्याचीही मोडत नाही. वर शेंगदाण्याचं कच्चं तेल, ठेचा आणि कांदा. तुझी बायको सांगलीकडची आहे, तिला काळपट रंग बघून शंका येईल. पहिला घास तेलात बुडवून दे आणि गप्प राहा.

ठेच्याचं सांगते. मिरच्या तव्यावर थोड्या तेलात, डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण त्यातच, आणि जाडं मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. मिक्सरमधून काढलास तर मिरचीचं पाणी सुटून चटणी होते, ठेचा होत नाही. रगडायच्या आधी हाताला तेल चोळ. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. म्हणून हाताची आग होते तेव्हा नळाखाली हात धरून उपयोग नसतो. तेल चोळायचं, मग साबण लावायचा, आणि तरीही त्या दिवशी डोळ्याला हात लावायचा नाही. जिभेची आग झाली तर दूध, दही, तूप, काहीही चालेल, पाण्याचे तांबे रिचवू नकोस. तुमच्या इमारतीत ठेचा केलास की मजल्यावरची माणसं खोकत दार उघडतील. पहिल्याच वेळी एका वाटीत घालून भाकरीसकट शेजारी नेऊन दे. पुढच्या वेळी खोकतील, पण वाटी घेऊन येतील.

खोकल्यावरून तुझ्या पणजोबांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना वाटेत भेटेल त्याला जेवायला घेऊन यायची सवय. मलकापूरहून एसटीनं कुणी उतरलं, मोताळ्याहून तलाठ्याचा माणूस आला, बैलाचा व्यापारी आला, की "चला, दोन घास खाऊन जा." आत सांगायची सोय नव्हती, पाहुण्यादेखत किती जण आहेत हे ओरडून सांगणं वाईट दिसतं. म्हणून त्यांनी आणि पणजीनं ठरवून घेतलं होतं. ओसरीवर पाय ठेवताना ते खोकायचे. जितके पाहुणे तितक्यांदा खोकायचे. आत पणजी बोटं मोजायच्या आणि तेवढ्यांच्या हिशेबानं परातीत पीठ पडायचं. एका हिवाळ्यात त्यांना खरा खोकला झाला. पणजी मोजता मोजता घाबरल्या, मला म्हणाल्या, "मोठी वरात दिसते, पोरी, दुसरी परात काढ." शेजारून पीठ उसनं आणलं, जावा धावत आल्या, चुली दोन पेटल्या. बाहेर येऊन बघतात तर मामंजी एकटेच, घशाला मफलर गुंडाळून बसलेले. इतकं हसू मी त्या घरात परत ऐकलं नाही. भाकऱ्यांची चवड मात्र खरी होती. ती दोन दिवस पुरली. म्हणून शिळ्या भाकरीचंही सांगून ठेवते. भाकरी हातानं बारीक कुस्कर, त्यावर ताकाचा हबका मार, थोडा वेळ मुरू दे, मग लसूण-मिरचीची फोडणी. कोरडी कुस्करून फोडणीला टाकलीस तर घशात अडकते. ताक ही तिची नस.

अवचित पाहुणा आला तर घाबरायचं नाही, पिठलं लावायचं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घे, गुठळी राहत नाही, आणि फोडणीत पाणी उकळल्यावर ओत. भाजीचा रस्सा वाढवायचा असेल तर गार पाणी कधीच घालू नकोस, तेल आणि पाणी वेगळं दिसायला लागतं. पाणी दुसऱ्या शेगडीवर उकळून घाल, वर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट टाक आणि परत एक उकळी आण. चार माणसांचा रस्सा सहा जणांना पुरतो आणि सातव्यालाही कुणी उठवत नाही.

आपलं धामणगाव अजिंठ्याच्या डोंगरापासून जवळ. जिल्हा वऱ्हाडातला, पण थोडं पलीकडे गेलं की जामनेर-बोदवडची शीव लागते आणि खानदेश सुरू होतो. त्यामुळे रोडगे आणि कढीगोळे इकडचे, भरीत आणि वरणबट्टी तिकडची, आणि आपल्या ताटात सगळी एका ओळीत. लग्नाकार्यात कोणता पदार्थ मूळचा कुणाचा यावर तुझे आजोबा आणि त्यांचे बोदवडचे साडू अजून भांडतात, आणि भांडता भांडता दोघंही दोन्ही पदार्थ परत मागून घेतात.

भरताची सगळी परीक्षा बाजारात होते. वांगं मोठं पण हाताला हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. देठ हिरवंगार, साल ताणलेली, आणि बोट दाबलं तर खळी परत भरून यावी. आपल्याकडे फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी येतात तीच भरताची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा साडूंनी आजोबांना मुद्दाम फोन करून कळवलं होतं. पुण्याच्या मंडईत विचारलंस तर थंडीच्या दिवसांत मिळतील. शेतावर आम्ही ती तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतो. तुझ्याकडे गॅस आहे, गॅसवर भाज, पण तेलाचा हात लाव, सुरीनं दोन-तीन टोचे मार, नाहीतर फुटून ओट्यावर येतं, आणि देठापाशी मऊ होईपर्यंत फिरवत राहा. देठाकडचा भाग शेवटी शिजतो, तिथेच सगळ्यांची घाई होते. आता नस ऐक. भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलायचं नाही. साल पटापट निघते हे खरं, पण जाळाचा वास पाण्याबरोबर मोरीत जातो आणि भरीत म्हणजे तोच वास. भाजून झाल्यावर झाकून ठेव, आपोआप साल सुटते. बोटं भाजली तर पाण्यात बोटं बुडव, वांगं नको. सोलल्यावर उकलून बघ, आत अळी असेल तर तेवढा भाग काढून टाक. मग भाजलेल्या मिरच्या आणि लसूण घालून कुटायचं. आपण लाकडी बडगीत कुटतो, तू लाकडी रवीनं ठेच. वर तेलात परतलेली कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. मसाल्याच्या डब्याकडे हात जाऊ देऊ नकोस.

बट्टीचं थोडक्यात. गव्हात पाव हिस्सा मका घालून रवाळ दळायचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळून उंडे, ते वाफवायचे, गार करायचे, कापायचे, तळायचे. गार करायचे, हे परत सांगते. गरम उंडा कापलास तर चुरा होतो. तूर डाळीचं वरण, वांग्याची घोटलेली भाजी आणि वर तूप. वरणबट्टी रविवारीच करा. ती खाऊन कुणाला दुपारी बँकेच्या कामाला पाठवू नये. तुझ्या काकाला एकदा पाठवला होता, तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला आणि बँकेचं दार बंद करायच्या वेळी शिपायानं त्याला उठवून घरी आणून सोडला.

डाळ शिजत नाही अशी तुझी तक्रार होती. तू चिंच आधीच घालत असशील. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायची थांबते. चिंच, आमसूल, टोमॅटो, सगळं डाळ मोडल्यानंतर. शिजताना हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब एवढंच, तेलानं उतूही जात नाही. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तरी डाळ दगड राहते. त्या दिवशी पिण्याच्या आरओच्या पाण्यात डाळ शिजव.

अंबाडी मिळाली तर मात्र सोडू नकोस. शेगावला गजानन महाराजांच्या प्रगट दिनाला नैवेद्यात पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची आणि कांदा असतो. महाराज १८७८ साली शेगावात पहिल्यांदा दिसले. त्यांच्या नावानं हे साधं जेवण जिल्ह्यातल्या घराघरात होतं. पक्वान्न करून देवाला दाखवणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पण जे आपण रोज खातो ते देवाला चालतं, याचा मला लहानपणापासून फार आधार वाटत आला आहे. पाला निवडून उकडायचा, ते आंबट पाणी पिळून टाकायचं, मग तूर डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटायचा. वरून भरपूर लसणाची तेलाची फोडणी, पानात वाढल्यावर. भांडं स्टीलचं घे. पणजीचं पितळी पातेलं तू हौसेनं नेलं आहेस, त्यात अंबाडी, कढी, चिंचेचं सार काही करू नकोस, जोवर कल्हई करून घेत नाहीस. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं आणि ते पोटाला बाधतं. कल्हईवाला सापडेपर्यंत त्यात पाणी तापव किंवा फुलं ठेव.

आता उन्हाळ्याची कामं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की गावात गच्च्या आणि अंगणं माणसांची राहत नाहीत. बाजा, जुन्या साड्या, धोतरं, सगळ्यावर काही ना काही वाळत असतं. कुरडई ही त्यातली सगळ्यात कष्टाची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळून गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचं, सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाला चीक. जितका चीक तितकंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि तेल, आणि एकानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं ढवळायचं. हे एकट्यानं करायचं काम नव्हे, गुठळ्या होतात आणि मग दिवसभर रडणं. चीक पांढरा आहे तोवर कच्चा आहे. तो चकचकीत, काचेगत झाला आणि पातेल्याची कड सोडू लागला की उतरवायचा. हीच नस. कच्च्या चिकाची कुरडई वाळते छान, दिसते छान, आणि तळताना कढईत तशीच पडून राहते.

पहाटे उठून चीक घाटायचा म्हणजे सूर्य वर यायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडतात आणि त्यांना अख्खा दिवस ऊन मिळतं. पण पहाटेही पोरं उठतातच. गरम चीक गूळ-दूध घालून किंवा तेल-तिखट घालून खायला शेजारपाजारची सगळी जमतात. म्हणून चिकाचा हिशेब करताना पोरांचा वाटा आधी धरायचा आणि मग कुरडयांचा. पणजी गहू भिजत घालतानाच गल्लीतली पोरं मोजायच्या. उडदाच्या पापडाच्या लाट्यांचं तेच. लाटी तेलात बुडवून खाण्यात जी मजा आहे ती पापडात नाही, हे मी या वयातही सांगते. तू तर आठ लाट्या खाऊन पोट धरून बसायचास आणि नववी मागायचास. गहू गाळून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, त्या टाकून देऊ नयेत.

आखाजीला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, तू लहानपणी आजोबांबरोबर गेला होतास. शेतात गोल आखून अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, आणि सोबत पुरी, पापड, कुरडई, वडे, भजी, करंजी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय जागेवर आहे, काय सरकलं, काय नाहीसं झालं, यावरून वाघ महाराजांच्या घराण्यातले लोक पीकपाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही मांडणी साडेतीनशे वर्षांची आहे असं म्हणतात. त्या मांडणीत कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. एका वर्षी आजोबा तिथून घरी आले आणि आमच्या गच्चीवरच्या कुरडयांची एक अख्खी रांग गायब. लगेच चाऱ्याची टंचाई सांगून मोकळे झाले. शेजारची शेळी तेवढ्यात जिन्यावरून खाली उतरत होती. तिचं पोट बघून मी म्हणाले, हिच्यापुरता चारा तर झाला. तेव्हापासून राखणीला माणूस बसवायचा तर बाजेवर नाही, पाटावर बसवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. बाजेवर झोप लागते.

तुला गच्ची नाही, म्हणून कुरडया मीच पाठवीन. कोरड्या पत्र्याच्या डब्यात ठेव आणि श्रावणात उघडीप मिळाली की एकदा ऊन दाखव. तळताना तेल चांगलं तापू दे, एकच कुरडई टाकून बघ, क्षणात फुलली तर पुढच्या टाक. तूर, मूग जे काही धान्य गावाहून नेशील ते भरण्याआधी एक दाणा दाताखाली धर. कट्टकन फुटला तर भर, दबला तर परत वाळव. ओलसर धान्यात कडुनिंबाचा कितीही पाला घातलास तरी कीड लागते. आणि पाला सावलीत पुरता वाळलेलाच घाल, ओला पाला स्वतःच बुरशी धरतो.

भांड्यांवरची नावं पुसली जातील असं घासू नका. आपल्या प्रत्येक वाटीवर कुणी कधी दिली ते कोरलेलं आहे, म्हणून ती परत घरी येते. शेजारून आलेली वाटी रिकामी पाठवायची नाही हे तुला माहीत आहेच, आणि शेजारणीलाही माहीत असतं, त्यामुळे एक वाटी दोन घरांत वर्षानुवर्षं फिरत राहते. माझ्या लग्नातली एक वाटी अशीच गेली ती तुझ्या आत्याच्या बारशाला तिसऱ्याच घरून लाडवांसकट आली. नाव कोरलेलं होतं, नाहीतर मी ती आहेर म्हणून ठेवून घेतली असती आणि परत काहीतरी घालून पाठवली असती.

कामावरून दमून आलेल्याला दारातच काही विचारू नका, दोघंही. आधी पाणी, मग काहीतरी पोटात, शेंगदाणे-गूळ चालेल, आणि मग विजेचं बिल. उपाशी माणसाशी केलेली कुठलीही बोलणी परत करावी लागतात. मिठाची वाटी ताटापाशी ठेवा. आजोबा घास घ्यायच्या आधीच मीठ कमी आहे म्हणतात, वाटी समोर असली की स्वतःच घेतात आणि स्वयंपाक चांगला झाला म्हणतात.

राहिलं लोणचं. पाऊस पडायच्या बेताला कैरीत कोय धरते, तेव्हाची घट्ट, आंबट, गावरान कैरी घे. आंबूस-गोड, पिवळटलेली घेऊ नकोस, ती बरणीत लिबलिबीत होते. कैऱ्या धुऊन, पुसून, मग फोडायच्या. फोडून झाल्यावर धुवायच्या नाहीत. फोडी कापडावर पसरून वरचं पाणी सुकू दे. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट तुमच्या सोसवण्याप्रमाणे. तेल कडकडीत तापवून पुरतं गार करून ओतायचं, आणि ते फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे. तेलाच्या बाहेर डोकावणारी फोड पहिल्यांदा बुरसते आणि मग सगळ्यांना बिघडवते. पहिले आठ दिवस रोज कोरड्या डावानं खालीवर कर. चाखायची घाई करू नका, मोहरी चढायला वेळ लागतो. ओला चमचा हा लोणच्याचा वैरी, म्हणून बरणीचा चमचा बरणीच्या गळ्यालाच दोऱ्यानं बांधून ठेव. आजोबा हातात असेल त्या चमच्यानं, वरणाच्या असो की दह्याच्या, लोणचं काढायचे, त्यावर मला हा एकच उपाय सापडला. आणि कैऱ्या बाजारात आडकित्त्यावर फोडून देणारा बसलेला असतो, त्याच्याकडूनच फोडून घे. कोय टणक असते, तुमची ती भाजीची पातळ सुरी तिच्यावर चालवू नकोस.